अधिक दोन

फळ्यावर मी व्याख्या लिहीत होतो.
न्खोटाकोटा, संध्याकाळचा वर्ग, वीज गेलेली,
टेबलावर एकच कंदील.

पहिली: उद्योजक तो, जो उद्याची अनिश्चितता
आज अंगावर घेतो,
आणि काही उरलंच तर त्याला नफा म्हणतो.
दुसरी: जो चाललेलं मोडतो, नवं मांडतो,
आणि जुन्यांची दुकानं बसवतो.
तिसरी: वाटेत पडलेली संधी
सगळे जिला ओलांडून जातात,
ती ज्याला दिसते.
चौथी लिहायला घेतली आणि खडू संपला.

बांबो काफेसी पुढच्या बाकावर असायचे.
शिकायला नाही, कंदिलासाठी.
मांडीवर फाटकं जाळं, ओठांत दोरा,
सुई हात लांब करून धरलेली.
आम्हाला वाटायचं, म्हातारा सोबतीला येतो.
दोन वर्षं त्यांना ओलांडूनच आम्ही बाकांवर बसलो.

न्दाझिओना म्हणाली, सर, तिसरी पुन्हा वाचा.
मी वाचली.
ती माझ्याकडे बघत नव्हती.

बकरी विकून ती मिनीबसनं लिलाँग्वेला गेली,
चाळीस चष्मे घेऊन आली, जवळचं दिसण्याचे,
अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन.
उसिपा वाळवायच्या मांडवांपाशी टेबल टाकलं.
अक्षरांचा तक्ता नव्हता. एक सुई, काळा दोरा.
दोरा ओवला गेला की नंबर ठरला.

नाकापेक्षा मोती जड नको, म्हणायची.
ज्याच्याकडे क्वाचा त्यानं क्वाचा,
नाही त्यानं परातभर मासळी,
तीही नाही त्यानं नंतर.
'नंतर'ला तिच्या वहीत
वेगळं पान होतं. मग दोन. मग सात.

राजधानीतून जीप आली, अर्ज घेऊन:
किती आयुष्यांना स्पर्श केलात?
ती म्हणाली, चष्मा नाकाला लागतो.
आयुष्याचं त्यांना विचारा.
अनुदान मिळालं नाही.
मुलाची फी त्या वर्षी मी भरली;
ती माझ्या नावानं वहीत आहे,
तारखेसकट.

मग झाकेयोनं बाजारात दुकान काढलं.
चष्मे तेच, पेटी मोठी, भाव निम्मा.
न्दाझिओना किनाऱ्यावर फिरली, मोजत:
जाळी विणणारे अकरा चष्मे,
त्यांतले तिचे चार.
त्या रात्री तिनं झाकेयोच्या सात पिढ्या उद्धरल्या,
माझ्या ओट्यावर बसून, अगदी नावानिशी.
मग थांबून म्हणाली,
पण अकरा झाले, सर.
आणि पुन्हा शिव्या द्यायला लागली.

मी रात्रभर पुस्तकं चाळली.
स्पर्धक आल्याचा राग येतो
आणि हायसंही वाटतं,
अशा माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं?
जमेच्या बाजूला लिहावं तर वही बुडालेली,
नावेच्या बाजूला लिहावं
तर काफेसींचं जाळं अखंड.

सकाळी ती झाकेयोकडे गेली.
तो नंबर न बघताच विकायचा,
लोकांची डोकी दुखायची.
तिनं सुई आणि दोरा त्याच्या टेबलावर ठेवला.
एवढं तरी कर, म्हणाली.
पैसे मागितले नाहीत. तो घासाघीस करायला बसला होता,
तोंड उघडं राहिलं त्याचं.

उरलेले एकोणीस चष्मे पिशवीत घालून
ती डोंगराकडच्या गावांना निघाली,
जिथं सायकलचं भाडंच नफा खाऊन टाकतं
आणि झाकेयो कधी जाणार नाही.
परतल्यावर काय, हे तिलाही माहीत नव्हतं.
तेवढ्यापुरती माझी पहिली व्याख्या बरोबर निघाली.

आज खडू आहे, वीजही आहे.
चौथी व्याख्या लिहून मी मागे सरकलो,
वाचायला अजून मागे, भिंतीपर्यंत.
मुलं हसली.
टेबलावर, हजेरीच्या वहीवर,
कापडात गुंडाळलेला एक चष्मा होता.
अधिक दोन.
घातला, आणि आधी
माझी चूक दिसली, व्याख्येतली.
पुसली.

किंमत विचारायला अजून गेलो नाही.
कुठल्या पानावर असेल, ठाऊक आहे.